कानसेनांची मोगरी

मित्रांनो, नाव पुढे चालणे आणि शील पुढे चालणे या दोन गोष्टी जोवर एकत्र नांदतात, तोवर त्यांतला भेद कोणाच्या ध्यानी येत नाही. नाव विकत घेता येते, पुसून लखलखीत ठेवता येते. शील मात्र रोज नव्याने घडवावे लागते. हे मी कोणाला दोष देण्यासाठी सांगत नाही. माझ्या देखत जे घडले, त्यावरून सांगते.

मी एक जुनी मोगरी आहे, म्हणजे लाकडी हातोडा. वादळात उन्मळून पडलेल्या एका झाडाच्या बुंध्यातून सुताराने मला घडवले आणि माझ्या तोंडाला मऊ चामडे लावले. माझे काम ठोकण्याचे होते, पण ओरखडा उठवण्याचे नव्हते. दोघा भावांनी उभारलेल्या मोटारींच्या एका लहान कारखान्यात माझे आयुष्य गेले. तेथील प्रत्येक मोटारीच्या नाकावर उडत्या चंडोलाचा पितळी बिल्ला असे. त्याच्या पाठीवरच्या दोन खिळ्या पत्र्यातल्या भोकांत बसवून वर हलकेच ठोका द्यायचा, एवढेच माझे काम. परंतु तो ठोका सर्वांत शेवटी पडे, आणि तोवर त्या मोटारीला नाव नसे.

त्या ठोक्याआधी दाराची परीक्षा होई. धाकटे बंधू म्हणत, "इंजिन नंतर कळतं. माणूस गाडीला पहिल्यांदा भेटतो तो दारापाशी." म्हणून एक कारागीर दार उघडून आपोआप मिटायला सोडून देई आणि डोळे मिटून ऐके. धान्याचे भरलेले पोते जमिनीवर टेकावे तसा भरीव, एकच आवाज यावा लागे. जरा खुळखुळले की मोटार मागे जाई. या कारागिराला सगळे कानसेन म्हणत. खरे नाव बहुधा त्यांच्या घरच्यांनाच ठाऊक असावे.

रंगखात्यातल्या काकू दुरूनच विचारीत, "काय कानसेन, बसली का चिमणी?"

"चिमणी नाही हो, चंडोल आहे तो!"

"असू दे. बसला की नाही? माझा रंग वाळून उडायची वेळ आली!"

अशा थट्टेत आमची वर्षे सुखाने गेली. मग दोघे बंधू थकले आणि कारखाना एका मोठ्या कंपनीने घेतला. नवे साहेब सज्जन होते. त्यांनी चंडोल ठेवला, पाटीवरची अक्षरे ठेवली, मलासुद्धा ठेवले. मोटारी मात्र आता दूरच्या मोठ्या कारखान्यात तयार होऊ लागणार होत्या. कानसेनांची लेक त्याच कंपनीत आराखडे काढण्याच्या कामावर होती. तिने वडिलांना शब्द दिला होता, "बाबा, बाकी काहीही बदलो, दार आपलंच राहील."

या एका शब्दावर कानसेन निवृत्तीनंतरची वर्षे काढीत होते.

पहिली नवी मोटार आली तेव्हा साहेबांनी त्यांना सन्मानाने बोलावले. काकू आणि लेकही तेथे होत्या. जुन्या रिवाजाप्रमाणे बिल्ला त्यांनीच बसवावा, अशी योजना होती. दालनात दोन मोटारी शेजारी उभ्या होत्या, एक आमची आणि एक त्या मोठ्या कंपनीची. दोघींचा रंग करडा होता. समोरच्या जाळ्या अजून बसायच्या होत्या. साहेब आमची मोटार दाखवू लागले, तोच कानसेनांनी हात वर केला.

"दाखवू नका साहेब. दारच सांगेल मला."

काकू हसल्या. "बघा हं, म्हातारा मिजाशीत आलाय!"

कानसेनांनी पहिल्या मोटारीचे दार सोडले आणि डोळे मिटले. मग दुसरीचे सोडले. पुन्हा पहिलीपाशी आले. त्यांच्या हाताचा घाम माझ्या दांड्याला लागला. मित्रांनो, मीही ऐकत होते, आणि मला काहीच उमगत नव्हते. अखेर ते पहिल्या मोटारीसमोर उभे राहिले, चंडोल भोकांत बसवला आणि माझा ठोका दिला. भोकेही तीच होती. बिल्ला चपखल बसला.

टाळ्या अर्ध्यात थांबल्या. साहेब मृदू स्वरात म्हणाले, "अहो, आपली ती पलीकडची होती." मग वडीलधाऱ्याचा अपमान होऊ नये म्हणून लगेच पुढे म्हणाले, "पण राहू द्या, काही बिघडत नाही. आमच्या कंपनीचा बिल्ला तिच्यावर लावू. दोन्ही एकच तर आहेत!"

ते मनापासून बोलले, म्हणूनच ते अधिक लागले. काकूंनी पदर तोंडाशी धरला. या वेळी त्या हसल्या नाहीत.

कानसेन लेकीकडे वळले. "पोरी, कान गेले का गं माझे?"

त्या प्रश्नात एक आर्त विनवणी होती. तिने 'हो' म्हटले असते, तर वार्धक्याने कान गेले पण मोटार राहिली, एवढ्या समाधानाने ते घरी गेले असते.

"नाही बाबा," ती म्हणाली. "कान शाबूत आहेत तुमचे. दोन्ही गाड्यांना एकच दार लावलंय. ते माझ्या हातात राहिलं नाही. सांगायचा धीर झाला नाही मला."

कानसेनांनी मान हलवली. नित्याप्रमाणे बाहीने माझे चामडे पुसले आणि मला तिच्या हाती दिले. "काचेच्या कपाटात ठेवू नका हिला," एवढेच ते बोलले आणि काकूंच्या सोबतीने पायऱ्या उतरले.

तेव्हापासून मी त्या लेकीच्या टेबलावर पडून आहे. माझे चामडे कडक होत चालले आहे. मधूनच ती आराखडा बाजूला सारून खाली जाते, एखादे दार सोडते, ऐकते, आणि परत येऊन पुन्हा रेघा ओढू लागते. तिने काढलेले नवे दार अजून कोणी मंजूर केलेले नाही.

मित्रांनो, एखादे नाव तुमच्या हाती आले, तर ते पुसत बसण्याआधी ते कशामुळे मिळाले होते हे विचारा, आणि तेवढे एक काम सोडू नका. माझे मागणे इतकेच.

कानसेनांच्या वार्धक्याला शांतता लाभो. त्यांच्या लेकीचा हात न थको. साहेबांनाही कधी डोळे मिटून ऐकण्याची सवड मिळो. आणि त्या दोन करड्या मोटारींत जे कोणी बसतील, ते आपापल्या घरी सुखरूप पोहोचोत.