तुझं म्हणणं असं की

बाइंडरने दाभणाने तिसऱ्या फर्म्याला, म्हणजे दुमडलेल्या पानांच्या जुडीला, भोके पाडली, सुईत दोरा ओवला आणि मान वर केली, तेव्हा दारात वहिनी उभ्या होत्या. एकतीस वर्षांत त्या या दुकानाची पायरी चढल्या नव्हत्या. त्यांचे यजमान, मास्तर, दर गुरुवारी इथे येऊन बसत, जेवायची वेळ टळली की त्या शेजारच्या दुकानात फोन करून निरोप ठेवत. पण स्वतः कधी आल्या नव्हत्या. बाइंडर उठून उभा राहिला.

"मास्तर?" त्याने विचारले.

"आहेत," वहिनी म्हणाल्या. "बसू का?"

त्याने घाईघाईने स्टुलावरचे पुठ्ठे उचलले. वहिनी बसल्या, पण पाठ न टेकता, पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरून.

"काल चर्चचे पाळक आले होते. डॉक्टर म्हणाले, आता फार दिवस धरू नका, म्हणून मीच बोलावलं. प्रभुभोजनाची भाकर देण्याआधी त्यांनी यांना एवढंच विचारलं की येशू कोण आहे. आमच्यात लहान मुलालाही येतं हे."

"मग?"

"हे म्हणाले, पैगंबर. फार थोर पैगंबर, पण देवाला मुलगा नसतो."

बाइंडरने सुई फर्म्यात खोचून ठेवली.

"पाळकांना वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. त्यांनी पुन्हा विचारलं. तर यांनी उशीवरून मान उचलून सगळं सांगितलं. देव एक आहे, त्याचे वाटे होत नाहीत. तो आपल्या पैगंबराला असा खिळ्यांवर टांगू देणार नाही. ग्रंथ मुळात खराच होता, पण नंतरच्या लोकांनी त्यातले फर्मे मागंपुढं केले." वहिनी थांबल्या. "फर्मे, भाऊजी. आमच्या घरात हा शब्द कोणाचा आहे?"

बाइंडरने मान खाली घातली. शब्द त्याचाच होता.

मास्तर पहिल्यांदा या दुकानात आले ते उसवलेला धर्मग्रंथ बांधून घ्यायला. बाइंडरने तो हातात घेतला, कपाळाला लावला आणि मग, राहवले नाही म्हणून, पहिल्याच भेटीत बोलला, की मास्तर, हा तुमचा ग्रंथ पूर्वीही कोणीतरी उसवून पुन्हा बांधलेला दिसतो. मास्तरांना टोमणा बरोबर कळला. ते तिथेच ठाण मांडून बसले आणि दोन तास उठले नाहीत. पुढे मास्तरांच्या येशूचा आणि बाइंडरच्या ईसाचा, ग्रंथाचा आणि पिता-पुत्र-पवित्र आत्मा या त्रैक्याचा दोघांनी इतका कीस पाडला की शेजारचा शिंपी गुरुवारी दुपारी दार लावून घेऊ लागला. पहिल्याच वर्षी मोठे भांडणही झाले. बाइंडर म्हणाला, "तुम्ही तीन देव मानता." मास्तर म्हणाले, "मी असं कधी म्हटलं?" आणि तीन महिने आलेच नाहीत.

परत आले ते एक नियम घेऊन. शाळेत भांडणाऱ्या मुलांना ते हाच नियम लावत. उत्तर देण्याआधी समोरच्याचे म्हणणे आपण आपल्या तोंडाने सांगायचे, आणि ते असे, की तो म्हणाला पाहिजे, "हो, हेच म्हणायचं होतं मला." तोवर उत्तर द्यायचे नाही. सुरुवात ठरलेली असे, "तुझं म्हणणं असं की". पहिले कित्येक गुरुवार तर उत्तरापर्यंत पोचण्यातच गेले. मास्तर घरी बुधवारी येरझारा घालत बाइंडरची बाजू पाठ करायचे, आणि बाइंडर शिवण घालता घालता मास्तरांची. एकदा एक गिऱ्हाईक अर्धा तास ऐकत बसले आणि जाताना बाइंडरला ख्रिस्ती आणि मास्तरांना मुसलमान समजून दोघांना तसा तसा नमस्कार करून गेले. त्या दिवशी दोघांच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आले होते. एकतीस वर्षांत कोणी कोणाला तसूभर हलवले मात्र नाही.

गेल्या वर्षापासून मास्तरांच्या डोक्यातले एकेक गळायला लागले. आधी विद्यार्थ्यांची नावे गेली, मग रस्ते, मग आज वार कोणता ते. दुकानात येणे थांबले, तसा बाइंडरच दर गुरुवारी त्यांच्या घरी जाऊ लागला. या गुरुवारी ते नुसते खिडकीकडे बघत होते, आणि बाइंडर वाद न घालता परत आला होता. आता त्याला सगळा प्रकार लख्ख कळला. आपले म्हणणे माणूस पाठ करत नाही, ते असतेच. पाठ करावे लागते ते दुसऱ्याचे. मास्तरांचे स्वतःचे होते ते वाहून गेले होते, आणि मेहनत करून पाठ केलेले तेवढे उरले होते.

"पाळक माणूस भला आहे," वहिनी म्हणाल्या. "म्हणाले, काहीच आठवत नसतं तरी मी दिलं असतं. पण तोंडानं नको म्हणणाऱ्याला कसं देऊ? उद्या सकाळी पुन्हा येणार आहेत. मी रात्रभर सांगून पाहिलं यांना. माझ्याकडे बघून हसतात, म्हणतात, तुला ते समजणार नाही." त्यांचा आवाज फुटला. "चाळीस वर्षं मी यांच्या शेजारी प्रार्थनेला बसले. हे असेच गेले तर मला पुढं कुठं भेटणार, सांगा. तुम्ही त्यांना फितवलंत असं मी म्हणत नाही."

"मी त्यांना एकदासुद्धा हरवलेलं नाही, वहिनी."

"माहीत आहे. घरी येऊन सांगायचे ना, आज बाइंडरनं माझं माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं म्हणून." त्यांनी डोळे पुसले. "मग त्यांचं त्यांना परत द्या. ते आता फक्त तुमच्याकडे आहे."

त्या गेल्या. वहिनींना एक गोष्ट माहीत नव्हती. कित्येक वर्षे रोज पहाटेच्या नमाजानंतर त्याने मास्तरांसाठी दुआ मागितली होती. असा लाखातला माणूस, त्याला एवढे एकच खरे दिसू दे, म्हणून हात पसरले होते. आज मास्तर नेमके तेच बोलत होते, आणि तेही शेवटच्या दिवसांत. मागितले ते मिळाले असे म्हणून तो गप्प राहिला असता तर त्याला कोणी बोल लावला नसता. पण मास्तरांना काही दिसलेले नव्हते, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक होते? ते शब्द बाइंडरचेच होते. मास्तरांनी ते इतकी वर्षे जपून ठेवले होते, इतकेच. अशा विजयाचे करायचे काय, या विचाराने त्याला रडू कोसळले. मग त्याने खळीचे भांडे झाकले आणि दुकानाला कुलूप लावले.

मास्तरांची खाट खिडकीशी होती. औषधाच्या बाटल्या, पाण्याचा तांब्या, काच तडकलेला चष्मा. अंगावर राखी शाल होती आणि तिच्याखाली माणूस आहे की नाही असे वाटावे इतके ते वाळले होते.

"या, बसा," मास्तर म्हणाले.

इतकी वर्षे ते 'ये रे' म्हणत आले होते. बाइंडर खाटेशेजारी बसला. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या.

"मास्तर," त्याने सुरुवात केली, "तुझं म्हणणं असं की, देव एकच आहे, पण—"

"देव एकच आहे," मास्तर म्हणाले. "पण नाही, बिण नाही."

"तुझं म्हणणं असं की, येशू हा त्याचा—"

"नाही हो. माझं म्हणणं असं नाही." मास्तर सौम्यपणे हसले. त्यांनी बोटाच्या पेराने खाटेच्या कडेवर टकटक केले. बाइंडर दुकानातल्या फळीवर अगदी तसेच करी. "मी सांगतो, ऐका. पुस्तक आणि पुस्तक लिहिणारा वेगळे. पुस्तक शिकंज्यात आवळलं म्हणून लिहिणारा आवळला जातो का?"

एकतीस वर्षे हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकून बाइंडरने मान डोलावली होती आणि म्हटले होते, हो, हेच म्हणायचं होतं मला. आज त्याची मान हलली नाही. दारात वहिनींनी पदर तोंडाशी नेला.

मास्तरांची बाजू मांडायला त्याची कधीच ना नव्हती. मात्र दर वेळी आधी ते ठरलेले शब्द असत. तुझं म्हणणं असं की. त्यांच्या आधाराने तो हवे ते बोलू शके, कारण पुढचे सगळे मास्तरांचे असे, त्याचे स्वतःचे इमान जागच्या जागी राही. आज नेमके तेच शब्द आड येत होते. त्याने डोळे मिटले. तुझं म्हणणं असं की, एवढे तो मनातल्या मनात म्हणाला. पुढचे मोठ्याने बोलला.

"पुस्तक आधी लिहिणाऱ्याच्या मनात असतं. मग कागदावर येतं. मग वाचणाऱ्याच्या आत जाऊन बसतं. तीन ठिकाणी असतं, पण पुस्तक एकच."

मास्तरांचे बोट थांबले. पण चेहरा कोराच होता. हे उदाहरण त्यांचेच होते, बाइंडरसाठी मुद्दाम तयार केलेले, आणि तेही आता पुरेना. बाइंडर खिडकीबाहेर बघत राहिला. मग जे त्याने कधी कोणाला सांगितले नव्हते ते तो बोलू लागला.

"एका माणसाची बायको गेली. लोक भले होते. कोणी चिठ्ठी पाठवली, कोणी फोन केला, कोणी मुलाच्या हाती निरोप धाडला. निरोप सगळे चांगलेच होते. पण त्याचा एक मित्र होता, तो स्वतः आला. त्याला तिथली प्रार्थना येत नव्हती, कुठं उभं राहायचं ते कळत नव्हतं. लोक त्याच्याकडे बघत होते. तरी तो दिवसभर बसला. मातीत उतरला, हात मळवले." बाइंडरची नजर मास्तरांच्या हातांवर गेली. "निरोप आणि तो, यात फरक आहे, मास्तर. देवानंही निरोप पुष्कळ पाठवले. मग त्याला वाटलं, आता आपण स्वतः जावं. दुःख आपल्या अंगावर घ्यावं. म्हणून तो आला. येशू म्हणजे तो स्वतः आलेला. म्हणून त्याला पुत्र म्हणायचं."

मास्तर छताकडे बघत होते. त्यांचे ओठ दोनदा उघडले आणि मिटले.

"हो," ते म्हणाले. "हेच म्हणायचं होतं मला."

वहिनी दारातच खाली बसल्या आणि आवाज न करता रडू लागल्या.

नियमाप्रमाणे आता उत्तराची पाळी बाइंडरची होती. इतक्या वर्षांच्या सवयीने उत्तर त्याच्या ओठापर्यंत आलेही. त्याने ते गिळले. मास्तरांनी कुशीवर वळून त्याच्याकडे निरखून पाहिले.

"तुम्ही आमच्याच मंडळीतले का?"

बाइंडरने मान हलवली.

"नाही," तो म्हणाला. "मी जवळच असतो."

"फार छान सांगितलंत. ते स्वतः जाण्याचं मला कधी सुचलंच नाही." मास्तरांच्या डोळ्यांत पाणी तरळले. "माझा एक मित्र आहे, बाइंडर. त्याला हे असं सांगायला हवं होतं. त्याला कधी पटलं नाही."

"हट्टी असेल."

"छे, हट्टी नाही. माणूस सोन्यासारखा आहे. मलाच नीट सांगता आलं नाही." ते जरा थांबले. दम लागला होता. "तुम्ही सांगा त्याला. गुरुवारी येतो तो."

"सांगतो."

"पण आधी त्याचं म्हणणं तुम्ही म्हणून दाखवा. तो हो म्हणाला, की मगच आपलं सांगायचं. आमचं तसं ठरलंय."

बाइंडरने खाली घसरलेली शाल त्यांच्या खांद्यावर ओढली.

"त्याचं म्हणणं काय असतं?" त्याने विचारले.

मास्तरांनी बोट उचलले, खाटेच्या कडेवर एकदा टक केले आणि तोंड उघडले. तसेच उघडे राहिले. मग त्यांनी कपाळाला आठी घातली, आणि उशीखाली, शालीखाली काही हरवल्यासारखे चाचपू लागले.

"आत्ता होतं माझ्याकडे," ते म्हणाले.

बाइंडरने त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला.

"असू दे, मास्तर," तो म्हणाला. "त्याचं त्याच्याकडे आहे."