कात्री धरलेला हात

माऊसच्या पोटातला रबरी गोळा रश्मीनं तळहातावर घेतला, तेव्हा तो वाटला होता त्याहून जड निघाला — करडा, किंचित चिकट, आणि एका अंगाला कुणाच्या तरी डोक्यातला बारीक केस गुंडाळलेला. ती शिकवायची त्या ब्रह्मपुरीच्या कॉलेजातल्या या कॉम्प्युटर लॅबमध्ये दिवसभर पोरांच्या हाताखाली हा फिरत असतो आणि टेबलावरची घाण थोडी थोडी आत ओढून घेतो... नखानं तिनं केस सोडवला, गोळा ओढणीच्या टोकाला पुसला, परत पुसला. पहिला तास सुरू व्हायला अजून अवकाश होता. गोळा हातात असेपर्यंत मान वर करायला नको होती. मान वर केली की समोर स्क्रीनवर तो फोटो होता.

फोटो काल डिंपलनं, तिच्या कॉलेजातल्या मैत्रिणीनं, टाकला होता. ऑर्कुटवर ‘आमची झाडीपट्टी’ नावाची कम्युनिटी रश्मीनंच दोन वर्षांपूर्वी सुरू केली होती, सोबत शिकून नागपूर-पुण्याकडे पांगलेल्या पोरापोरींसाठी. तिथं तळ्यांचे, धानाच्या बांध्यांचे, दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकांचे फोटो यायचे, लोक ‘गावची आठवण आली’ असं लिहायचे आणि आपापल्या कामाला लागायचे. त्यात हा एक काळापांढरा, कडा पिवळ्या पडलेला. गावच्या पारासमोर एक तरुण माणूस उकिडवा बसवलेला — अर्धं डोकं भादरलेलं, अर्धी मिशी गेलेली, गळ्यात चपलांची माळ. मागं हसणारी माणसं. आणि सगळ्यांत जवळ, त्याचं डोकं एका हातानं घट्ट धरून दुसऱ्या हातात कात्री घेतलेला उंच पोरगा, कॅमेऱ्याकडे पाहून मोकळं हसणारा. खाली डिंपलनं एवढंच लिहिलं होतं : माझे आजोबा उमाजी, १९५७. दीक्षा घेतल्यावर मेलेलं ढोर ओढायला नाही म्हणाले म्हणून.

घरात आजोबांचा, आबाजींचा, तरुणपणीचा एकही फोटो नव्हता. तरी काल रात्री तिनं त्या कात्रीवाल्या पोराला ओळखलं होतं, चेहरा नीट पाहायच्या आधीच, नुसत्या उभं राहण्यावरून. सगळा भार डाव्या पायावर, उजवा गुडघा ढिला सोडलेला, एक खांदा किंचित खाली... आजही आबाजी ओसरीच्या खांबाजवळ असेच उभे राहतात, रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारत. आणि ते हात. लहानपणी तिचे कपाळावरचे केस तेच कापायचे, आईला कापू देत नसत. थंडगार पातं भुवईला टेकायचं आणि वरून आवाज यायचा, हलू नको बाई, डोळ्याले लागन — आणि ती श्वास रोखून, डोळे मिटून, सगळं डोकं त्या हातात सोपवून बसायची. इतकं निर्धास्त ती पुढं कुठंच बसली नव्हती.

मिटलेले डोळे. फोटोतल्या उमाजीचे डोळे उघडे होते.

फोटोखाली लोकांनी लिहायला सुरुवात केली होती. कुणी हात जोडले होते. कुणी म्हणत होतं, हे आता कशाला, सगळे गुण्यागोविंदानं राहतात. एकानं त्या अर्ध्या मिशीवर विनोद केला होता. दुसऱ्यानं त्या विनोदवाल्याला आईवरून शिवी दिली होती. त्यानंतर शिव्यांचीच रांग. आणि एक निरोप थेट तिला : ओनर झोपली काय, समाजात भांडणं लावणारा फोटो आहे, काढा.

बरोबर आहे, तिला वाटलं. एका माणसाची विटंबना, आणि आता त्याच्यावर पुन्हा नवी माणसं हसतायत — हे मी माझ्या कम्युनिटीवर कसं चालू देऊ? विचार इतका स्वच्छ होता, इतका न्यायाचा, की तिला त्याचा आधार वाटला. तिनं आधी फोटोची एक कॉपी पेनड्राइव्हवर घेतली. का घेतली, हे तिनं स्वतःला विचारलं नाही. मग डिलीट दाबलं. खरंच काढायचं का, असं मशीननं विचारलं... मशीन सगळ्यांनाच विचारतं. हो.

दुपारी लाइट गेली, यूपीएस केकाटायला लागले, पोरं बाहेर पांगली, आणि तेवढ्यात डिंपलचा फोन आला. चंद्रपूरहून, बँकेतून. तीन वर्षं दोघी एका बाकावर बसल्या होत्या. डिंपलच्या डब्यातली जवसाची चटणी रश्मीच खायची.

“रश्मी, फोटो तू काढला?”

“हाव. अवं, लोक काय घाण लिहून राह्यले होते खाली. तुह्याच आज्याची बदनामी होऊन राह्यली होती.”

“मंग ते लिहणाऱ्याईले काढाचं होतं. माह्या आज्याले काऊन काढलं?”

यूपीएसचे आवाज एकेक करून बंद पडत होते.

“तो फोटो त्या हसणाऱ्या लोकाईनंच काढवला होता, मजा म्हणून,” डिंपल म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं. “कोणाच्या तरी लग्नाले नागभीडचा फोटोवाला आला होता, त्यालेच बोलावलं. पण आजा नंतर सोता नागभीडले गेला, पायी. स्टुडिओत जाऊन म्हणे, मले एक कॉपी पाह्यजे. फोटोवाला द्याले तयार नोहता, तं दारातच बसला. आमच्या घरी तो भिंतीवर आहे, समोरच. आजा पाहुण्याईले सोता दाखवे. म्हणे, पाहा, मी नाई म्हटलं होतं.”

“मले माहीत नोहतं.”

“तुले एक माहीत होतं.” डिंपल म्हणाली. “मी नाव टाकलं होतं का रश्मी, कात्रीवाल्याचं?”

खिडकीबाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं, पुन्हा पुन्हा.

“कधीपासून माहीत आहे तुले?”

“कॉलेजच्या पहिल्या दिवसापासून. तू गाव सांगतलं, आज्यानं सोडलं तेच, आडनाव सांगतलं. घरी येऊन मी आज्याले सांगतलं, तिच्याच बाजूले बसतो म्हणून. तो म्हणे, बस. चांगली शिक.”

मग काय झालं ते रश्मीला नीट आठवत नाही. ‘करतो फोन’ असं काहीतरी ती बोलली असावी. लाइट आली, पोरं परतली, फळ्यावर तिनं प्रोग्राम लिहिला आणि एका ओळीत चूक केली, ती मागच्या बाकावरच्या पोरीनं दाखवली. तीन वर्षं... जवसाची चटणी बोटानं पुसून खाताना डिंपल माझ्याकडे पाहत होती, तेव्हा ती काय पाहत होती? माझं कपाळ? माझे हात? मी तिला किती वेळा सांगितलं असेल, आमचे आबाजी म्हणजे इतके मायाळू माणूस, घरी ये ना एकदा. ती नेहमी म्हणायची, येईन. तास संपल्यावर तिनं पेनड्राइव्ह लावला आणि लॅबच्या प्रिंटरवर फोटोची मोठी प्रिंट काढली. कागद गरम होता. तिनं तो कुणाला दिसू नये म्हणून वहीत घातला, आणि घालताना तिला स्वतःचाच राग आला.

घरी आई मागच्या अंगणात तांदूळ पाखडत होती. आबाजी ओसरीवर खुर्चीत बसले होते, मांडीवर वाटी, वाटीत भिजवलेले शेंगदाणे. दात राहिले नव्हते. वाटेभर तिनं वाक्यं जुळवली होती. आबाजी, हे तुम्ही काऊन केलं? आबाजी, तुम्हाले कधी वाईट वाटलं का? तिला त्यांचा चेहरा पडलेला पाहायचा होता, आणि तो पडला तर आपण काय करू याची धास्तीही होती — म्हणूनच तर सकाळी... हो, म्हणूनच. ते डोळे खाली गेलेले मला पाहायचे नव्हते. म्हणून काढून टाकला.

तिनं वहीतला कागद काढून त्यांच्यापुढं धरला.

आबाजींनी वाटी खाली ठेवली, हात धोतराला पुसले, चष्मा मागितला. खूप वेळ पाहिलं. कागद दूर नेला, जवळ आणला. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला, तिनं कधीच न पाहिलेल्या एका कोवळ्या आनंदानं.

“हा मी व्हय,” ते म्हणाले. “बाप रे. केस पाहा माहे.”

तिनं वही मिटली.

“कुठी भेटला तुले? जवानीतला एक बी फोटो नोहता माहा.” त्यांचं बोट कागदावर सरकलं. “हा मुखरू, गेला तो. हा बापूराव, हा बी गेला. अन् हा उमाजी. भारी पोहत जाय. आख्खं तळं एका दमात.” बोट उमाजीवर थांबलं, आणि पुढं सरकलं.

“आबाजी, त्याचं अर्धं डोकं...”

“हाव, तवा असंच राहे,” ते म्हणाले. उन्हाळ्यात तळं आटायचं, हे सांगावं तसं. मग त्यांनी कागद मांडीवर सपाट केला, त्याच्या कडा प्रेमानं दाबल्या, आणि मान वर करून, काहीसे लाजत, लहान पोरानं मागावं तसं मागितलं : “तुह्या कंपूटरवर येवढा माहाच भाग कापून देता येते का बाई? फ्रेम करून ठेवू. मेल्यावर हार घालाले फोटो लागते.”

आतून आईनं विचारलं, चहा मांडू का.

रश्मी कागदाकडे पाहत राहिली. ज्यांच्या लाजेसाठी आपण सकाळी एवढी घाई केली त्यांना लाज नव्हती. मग दिवसभर छातीत ही जी जड होऊन बसली आहे ती कुणाची होती, आणि ती इथून पुढं ठेवायची कुठं... तिची नजर मात्र सवयीनं कागदावर कापायची रेघ आखत होती. डोक्यापासून सुरू केलं, खांदा घेतला, कात्रीचा हात बाहेर ठेवला — तिथवर रेघ सरळ जात होती. दुसऱ्या हाताचं काय करायचं? तो उमाजीच्या केसांत रुतला होता. मनगटावर कापलं तर तुटका दिसेल. बोटांपर्यंत घेतलं तर केस येतील, कपाळ येईल, एक उघडा डोळा येईल... मनगटाशी थोडा अंधार भरला तर?

अंधार भरता येईल, हे तिला कळलं तेव्हा तिनं कागदावरची नजर काढली. आबाजी मान वर करून वाट पाहत होते, आणि ‘नाही’ हा शब्द, तो येवढासा शब्द, ती आपल्या तोंडात शोधत होती.