काजूऐवजी वाल

आशाबाईंनी मिक्सरच्या भांड्याच्या कडेचं पांढरं वाटण बोटाने पुसून जिभेवर ठेवलं आणि त्यांचा चेहरा पडला. वाटण फारच चांगलं झालं होतं. मऊ, किंचित गोडसर, थेट सायीसारखं. क्लासवाल्या समिधाने डोळे मिटून चाखलं असतं तर काजूच म्हणाली असती. त्यांनी पुन्हा एकदा बोट फिरवलं, या वेळी खोट काढायच्याच इराद्याने. खोट सापडेना.

केबिन रोडच्या किराणावाल्याने 'ये ट्राय करो आंटी' म्हणत पुडी बांधून दिली होती. मगज, म्हणजे खरबुजाच्या सोललेल्या बिया. अर्धा तास कोमट पाण्यात भिजवायच्या, दोन मिनिटं मिक्सर फिरवायचा, संपलं. तीन दिवस बाई हेच तर शोधत होत्या. शेंगदाण्याच्या वाटणाला उग्र वास आला, नारळाचं दूध उकळी येताच फाटलं, सूर्यफुलाच्या बियांचं वाटण राखाडी निघालं. आता हवं ते हाती लागलं होतं, तर बाई भांडं धरून सुतकी चेहऱ्याने ओट्याशी उभ्या.

त्याचं कारण सांगायचं तर शनिवारपासून सुरुवात करायला हवी. आशाबाई चौदाव्या मजल्यावर राहत. मुलाने, निकेतने, भाईंदर पूर्वेच्या या टॉवरमध्ये फ्लॅट घेतला, त्यात आईला आणून ठेवलं आणि कंपनीने त्याला हैदराबादला नेऊन ठेवलं. त्याआधी त्यांची तीस वर्षं खारीगावातल्या बैठ्या चाळीत गेली होती. तिथे दार लोटलेलं दिसलं तर शेजारीण 'बरं नाही का गं?' म्हणून आत येई. इथे चौदाव्या मजल्यावर चार दारं होती आणि चारही दारांवर भिंग बसवलेलं होतं. आशाबाईंना एकटं वाटायचं. दिवसातून दोनदा भाजी आणायला उतरायच्या, कारण भाजीवाला निदान 'और क्या चाहिए?' तरी विचारायचा.

अशात लिफ्टमध्ये एक कागद लागला. 'व्हेगन स्वयंपाक. शनिवारी दुपारी तीन ते पाच. ११०४. सर्वांचे स्वागत.' व्हेगन म्हणजे काय ते आशाबाईंना ठाऊक नव्हतं. शेवटचे दोन शब्द तेवढे कळले, आणि त्या गेल्या. तिथे समजलं की मटण-मासळी तर सोडाच, दूध, दही, तूप, मधसुद्धा चालत नाही. दर बुधवारी बांगडा तळणारी ही बाई मान डोलवत म्हणाली, "बरोबर आहे. पचायला हलकं." तेव्हापासून शनिवारी सकाळी त्या दोनदा हाताला लिंबू चोळत आणि दुपारचा दुधाचा चहा अडीचच्या आत उरकून घेत.

शिकवणारी समिधा तिशीतली, हसरी. तिचं सगळं शास्त्र काजूवर उभं होतं. काजूचं दही, काजूचं पनीर, काजूची साय. पण त्यात एक अडचण होती, आणि ती आशाबाईंखेरीज कुणाला जाणवत नव्हती. काजू आधीच भिजवलेले असत, मिक्सर घरघरे, फोटो निघे आणि पावणेचारला बायका चपला शोधू लागत. मिक्सर चालू असताना बोलता येत नाही, आणि तो थांबला की बोलायला कुणी उरत नाही. आठ जणी यायच्या त्या तिघी उरल्या.

त्यातच समिधाच्या सहा वर्षांच्या मुलीने, सान्वीने, काजूची बर्फी खाल्ली आणि तिचा चेहरा सुजला. डॉक्टरांनी काजू घरात आणायचाच नाही म्हणून सांगितलं.

"या शनिवारी भेटू," समिधा म्हणाली होती, "पण काजूला पर्याय मिळाला नाही ना, तर मी क्लास बंद करतेय. माझं डोकंच चालत नाहीये आता."

घरी येऊन आशाबाई कामाला लागल्या ते क्लास वाचवायला. आणि आज मंगळवारी तो वाचला होता. मगज नेऊन द्यायचा अवकाश, मिक्सर पुन्हा घरघरला असता, फोटो निघाला असता आणि पावणेचारला त्या पुन्हा चौदाव्या मजल्यावर.

त्यांनी ते वाटण दुधीच्या भाजीत घातलं आणि दोन दिवस पुरवून खाल्लं. उरलेला मगज डब्यात घालून वरच्या फळीवर, दिवाळीच्या साच्यांमागे सारला. एवढी लबाडी त्यांनी नवऱ्याच्या हयातीतही केली नव्हती. गुरुवारी त्यांनी पाऊण किलो कडवे वाल भिजत घातले.

वालांचं बिरडं करणं म्हणजे काय ते रायगडच्या माणसाला सांगावं लागत नाही, आणि आशाबाई माहेरच्या पेणकडच्या. वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात घालून एकेका दाण्याचं साल काढायचं. एकटीने बसलं तर पाठीचा काटा ढिला होतो. म्हणून एकटीने कुणी बसत नाही. चाळीत ज्या घरी बिरडं असे त्या घरी बायका आपणहून येऊन परातीभोवती बसत, आणि वाल सोलता सोलता कुणाचं लग्न जमे तर कुणाचं मोडे. शिजवून वाटले की सोललेले वाल सायीसारखे होतात, हे खरंच होतं. त्यात खोटं काही नव्हतं. खोटं होतं ते फळीवरच्या डब्यात.

शनिवारी त्या फडक्याचं गाठोडं घेऊन अकराव्या मजल्यावर गेल्या.

"काकू, हे सोलून नाही आणलंत?" समिधाने विचारलं.

"सोलून ठेवलं की काळं पडतं," आशाबाई म्हणाल्या. हेही अर्धंच खरं होतं. "आयत्या वेळी सोलावं. चौघी आहोत, किती वेळ लागतोय?"

दोन तास लागले. चौघी फरशीवर परातीभोवती बसल्या. समिधा, आठव्या मजल्यावरची बँकेत असलेली संचिता, चौथ्या मजल्यावरच्या जागृतीबेन आणि आशाबाई. दाणा चिमटीत दाबला की सुळकन निसटून उडायचा आणि सान्वी तो पकडायला सोफ्याखाली शिरायची. पहिली दहा मिनिटं सगळ्या गप्प होत्या. मग हात ओले असल्यामुळे कुणाला मोबाइल घेता येईना, तेव्हा बोलणं सुरू झालं. संचिताने तिच्या साहेबाची नक्कल केली. समिधाने सान्वीला रिक्षातून दवाखान्यात नेलं तेव्हाचं सांगितलं, सांगता सांगता रडली, आणि ओल्या हाताने डोळे पुसल्यामुळे गालाला वालाचं साल चिकटलं. ते आशाबाईंनी काढलं. कुणाच्या गालाला आपला हात लागून किती महिने झाले, याचा हिशोब त्यांनी केला नाही.

वाटण सायीच्या रंगाचं झालं. समिधाने त्यात लिंबू पिळलं, चाखलं आणि म्हणाली, "काकू, क्लास चालू."

मग ते दर शनिवारी होऊ लागलं. वालाची साय, वालाचं पनीर, वाल घातलेला शाही कोफ्ता. साडेपाच वाजायचे, कधी पावणेसहा. आशाबाई गुरुवारपासून माणसात येत. बुधवारचा बांगडा त्यांनी मंगळवारवर नेला, वास एक दिवस आधी जावा म्हणून.

सगळ्यांत हळू सोलायच्या जागृतीबेन. साठीच्या पुढच्या, गोऱ्या, अंबाड्यात बारीक पिन. दाणा सोलला की उजेडाकडे धरून बघायच्या, कुठे साल राहिलं असेल तर पुन्हा पाण्यात टाकायच्या. त्यांच्या घरात दोन मुलगे, दोन सुना, नातवंडं धरून आठ माणसं. आशाबाईंना त्यांचा हेवा वाटे. आणि कौतुकही, कारण त्या दोन-अडीच तासांत जागृतीबेनचा फोन एकदाही वाजत नसे. एवढ्या मोठ्या घरातली बाई किती बिनघोर, असं त्यांना वाटायचं.

"आपके यहाँ तो मेला होगा," एकदा आशाबाई म्हणाल्या.

"हा, सब हैं," जागृतीबेन म्हणाल्या आणि दाणा उजेडाकडे धरला.

सातव्या शनिवारी संचिता उशिरा आली. आली ती हात न धुता, मोबाइल पुढे धरूनच.

"समिधाताई, हे बघ. आपण वेड्यासारखे बसलोय सोलत. मगज म्हणून असतो, खरबुजाच्या बिया. अर्धा तास भिजवायचा, मिक्सर, डन. सगळे हॉटेलवाले काजूऐवजी हाच घालतात म्हणे."

समिधाने पदार्थाचा व्हिडिओ पाहिला. पुन्हा मागे नेऊन पाहिला. "अगं, किती सोपं आहे हे. आणि सान्वीलाही चालेल, डॉक्टरांना विचारून घेते." ती आशाबाईंकडे वळली. "काकू, तुमचा त्रास वाचला की हो. दर गुरुवारी ते भिजवणं, बांधणं. मला फार वाईट वाटायचं तुमच्याकडून करून घ्यायला."

आशाबाईंचे हात परातीत तसेच राहिले. पाणी निवत आलं होतं. पोरीच्या मनात माया होती, हे दिसत होतं. त्यांनी ठरवलं, आता सांगून टाकावं. सात आठवडे मला माहीत होतं, मी तुम्हाला मुद्दाम बसवून ठेवलं, असं सरळ सांगावं आणि उठावं. लोक हसतील, किंवा हसणारही नाहीत, ते आणखी वाईट. त्यांनी तोंड उघडलं.

"वो मगज?" जागृतीबेन म्हणाल्या. "वो नहीं चलेगा."

"का? म्हणजे, क्यों?" संचिताने विचारलं.

"कडवा होता है. मैंने बहुत बार करके देखा है. ग्रेवी का पूरा टेस्ट बिगड़ जाता है." त्यांनी एक दाणा सोलला, उजेडाकडे धरला, भांड्यात टाकला. मान वर केली नाही.

आशाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. चाळीस वर्षं घरची मिठाई घरी करणारी बाई. मोहनथाळापासून लाडवापर्यंत कशात काय घालायचं ते हिला कुणी शिकवावं? मगज कडू नसतो हे जर चौदाव्या मजल्यावरच्या बांगडेखाऊ बाईला पहिल्या बोटात कळलं होतं, तर हिला कळलं नसेल? आणि कडव्या वालांच्या परातीशी बसून ही मगजाला कडू म्हणत होती.

समिधाला दोन बायकांच्या मध्ये न्याय करायचा होता. ती म्हणाली, "काकू, तुम्ही केलंय कधी मगजाचं?"

जागृतीबेनच्या चिमटीतला दाणा निसटत नव्हता आणि सोललाही जात नव्हता.

"केलंय," आशाबाई म्हणाल्या. "कडूच लागतं."

"पण व्हिडिओत तर..."

"व्हिडिओत चव थोडीच येतेय?"

संचिता हसली. समिधाने खांदे उडवले, मोबाइल सोफ्यावर टाकला आणि परातीत गरम पाणी ओतायला किटली आणली. "मग राहू दे. बसूया." सान्वी सोफ्याखालून विचारत होती की अजून एकही दाणा का उडत नाही.

पावणेसहाला सगळं आवरून त्या दोघी बाहेर पडल्या. आशाबाईंना वर जायचं होतं, जागृतीबेनना खाली. लिफ्ट खाली जाणारी आली. जागृतीबेन आत शिरल्या आणि त्यांच्यामागे आशाबाईही शिरल्या. कुठे, असं जागृतीबेननी विचारलं नाही. दोघी दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या. दहा गेला, नऊ गेला.

"आशाबेन," जागृतीबेन म्हणाल्या, "अगले शनिवार कितना भिगोओगे?"

"वही. पाऊण किलो."

"दीड किलो करो ना."

आशाबाईंनी मनात चार जणींचे हात मोजले. "दीड किलो में तो सात बजेंगे."

"बजने दो."

चौथा मजला आला. जागृतीबेन पदर सारखा करून बाहेर पडल्या. त्यांचं दार लिफ्टच्या समोरच होतं. बाहेर चपलाबुटांची गर्दी होती, लहान-मोठ्या सगळ्या, म्हणजे घरात सगळे होते. आतून टीव्हीचा आवाज येत होता, कुणीतरी हसत होतं. बेलच्या बटणाकडे त्यांचा हात गेलाच नाही. त्यांनी कमरेची किल्ली काढली, कुलूप आवाज न करता फिरवलं आणि दार पुरतं न उघडता अंग चोरून आत गेल्या. 'आलात?' असं आतून कुणी विचारलं नाही.

आशाबाईंनी चौदाचं बटण दाबलं.