कोपरे राहिलेत

गोल्डन वीक आला की सगळा जपान फिरायला बाहेर पडतो आणि आमचा मुलगा युकिहिरो चिखलात उतरतो. मे महिन्याच्या सुरुवातीच्या या सुट्ट्या आमच्या निइगाताच्या डोंगरात भातलावणीच्या. टोकियोत नोकरीला गेलेली मुलं याच दिवसांत मोकळी असतात, मग रोपांनीही याच दिवसांत तयार व्हायचं.

गेल्या वर्षी आमच्या ह्यांच्या, म्हणजे शिगेझोंच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मी म्हटलं, "अहो, शेजारच्या हाताकेयामाकडे मोठं यंत्र आहे. सकाळच्या प्रहरात लावून देईल. पोराला कशाला राबवता?"

"मग तो येईल कशाला?" म्हणाले, आणि लगेच फोन लावला. "युकी, तू आला नाहीस तर रोपं सडतील बघ!"

आला बिचारा. वाहनांच्या रांगेत नऊ तास काढून.

स्वयंपाकघरात बांबूचे कोंब सोलता सोलता सूनबाई, कानाए, म्हणाली, "आई, ओकिनावाची तिकिटं रद्द केली आम्ही. तिसऱ्यांदा. मी ह्याला म्हटलं, दुसऱ्याला लावू दे ना भात. तर हा म्हणतो, शेतात जीव आहे बाबांचा. काढून घेतलं तर हाय खातील."

मला हसू आवरेना. बाप मुलासाठी शेत ओढतोय, मुलगा बापासाठी, आणि कंबर दोघांचीही मोडतेय! रात्री जेवताना मी सगळं ओकून टाकलं. म्हटलं, "पुढच्या वर्षी हाताकेयामा लावेल. युकी, तू नि कानाए समुद्रावर जा."

बापलेक एका सुरात हो म्हणाले. तोंडदेखलं 'नको' सुद्धा कुणी म्हटलं नाही. मला रागच आला.

यंदा दहा वाजायच्या आत आमची तिन्ही खाचरं लावून झाली. त्यानंतर तीन दिवस हे टीव्हीसमोर बसून महामार्गावरच्या कोंडीच्या बातम्या बघत होते. त्या कोंडीत आमचं कुणीच नव्हतं. घर इतकं गप्प होतं की मला माझाच शहाणपणा नकोसा झाला.

चौथ्या दिवशी ओकिनावाहून फोन आला.

"बाबा, लावणी झाली?"

"झाली की. समुद्र कसा आहे?"

"माणसंच माणसं. पाणी दिसलं तर सांगतो." मग म्हणाला, "यंत्र कोपऱ्यात वळत नाही ना बाबा? कोपरे हातानं लावावे लागतात. लावले का त्यांनी?"

लावले होते. हाताकेयामाची बायको माझ्यादेखत वाकून एकेक रोप खोवून गेली होती.

"नाही रे," हे म्हणाले. "कोपरे राहिलेत."

"मग परवा परतलो की थेट तिकडेच येतो. कानाए पण म्हणतेय येते."

फोन ठेवला आणि गमबूट चढवून हे बाहेर पडले. मी मागोमाग गेले. बघते तर वरच्या खाचराच्या कोपऱ्यात, तो दुखरा गुडघा चिखलात टेकून, रोपं उपटताहेत.

"अहो, वेड लागलंय का तुम्हाला?" मी बांधावरून ओरडले.

ह्यांनी आणखी एक रोप उपटलं. मीही डोक्याला रुमाल बांधला आणि दुसऱ्या कोपऱ्यात उतरले.