फुलवातीच्या पैशाचा समुद्र

बायको करुणा गेली हे गुणवंताला कळलं तेव्हा त्याच्या दातात प्लास्टिकची पट्टी होती.

तो बोरगावच्या एका नर्सरीत संत्र्याच्या कलमा बांधायला गेला होता. खुंटाला चाकूनं चीर द्यायची, तिच्यात संत्र्याचा डोळा बसवायचा आणि दातात धरलेली पट्टी ओढून वरून गुंडाळायची. डोळा एकदा कापला की उघडा ठेवता येत नाही, सुकतो. म्हणून फोन वाजला तेव्हा त्यानं हातातली कलम पुरी केली. परत वाजला तोवर दुसरा डोळा कापून झाला होता. तीही पुरी केली. तिसऱ्या वेळी उचलला. पलीकडे विजया होती, त्याच्या थोरल्या भावाची बायको.

"भाऊजी, कवापासून फोन लावून राहिली मी."

"काम करून राहिलो होतो, वहिनी. बोला ना."

"घरी या."

"काऊन?"

"करुणा वाती वळता वळता आडवी झाली. दवाखान्यात नेलं होतं."

"मंग आता कुठं हाय?"

"घरी आनून राहिले."

दवाखान्यातून इतक्या लवकर कोणी जिवंत माणूस घरी आणत नाही, एवढं गुणवंताला कळत होतं. मोटरसायकलवर घरी पोचायला त्याला तासाच्या वर लागला. अंगणात माणसं उभी होती. पट्टी अजून दातातच होती, ती शेजारच्या कवडूनं काढून घेतली.

गावाला फार वाईट वाटलं. करुणा जिवंत होती तोवर तिच्याबद्दल चार शब्द बरे बोलायला कोणाला सवड झाली नव्हती. त्या दिवशी सगळ्यांनाच सवड होती.

करुणाचा गुन्हा मोठा नव्हता. तिला समुद्र पाहायचा होता. देवाला जायचं म्हटलं असतं तर कोणी काही बोललं नसतं. आमच्याकडे माणूस देवाच्या नावावर अर्धा देश फिरून येतो आणि आल्यावर गावाला मावंद्याचं जेवण घालतो. मग त्यानं वाटेत काय पाहिलं, काय खाल्लं, हे कोणी विचारत नाही. पण करुणानं उघड सांगितलं होतं की फिरायला जायचं आहे, विशाखापट्टणमला. नागपूरला गाडी बदलली की पोचतो, एवढी चौकशीही करून ठेवली होती.

"तिकडं कोनता देव हाय?" गुणवंताच्या थोरल्या भावानं, पुंडलिकरावांनी, तेव्हाच विचारलं होतं.

थोरल्या दिराशी करुणा सरळ बोलत नसे. ती विजयाकडे तोंड करून म्हणाली, "असन एखादा. पन मले त्याच्याकडं काम नाई. मी वाळूत बसीन, लाटा पाहीन अन् भूक लागली का उठीन."

"त्याच्यासाठी इतक्या दूर? वाळू आपल्या जामच्या काठावरही हाय म्हना."

"हौ, जाऊबाई, सांगा त्यायले. तेथं तं मी दरसाल बसते. दगडं चुकवत."

हे खरं होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार असते. पांढुर्ण्याचे आणि सावरगावचे लोक जाम नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना दगड मारतात. त्या दिवशी करुणा नदीकडच्या गल्लीच्या तोंडाशी भजी विकायला कढई मांडायची. डोकं इकडचं फुटो की तिकडचं, भजी दोघांनाही गरमच लागत.

तिचा एक कायदा होता. शेतीचा पैसा फिरण्याला लावायचा नाही. "त्या पैशाले आधीच लई तोंडं हायेत," ती म्हणायची. "खत खाते, फवारा खाते, पाव्हना खाते. फिराचा पैसा येगळ्या कामाचा." पटवाऱ्याच्या घरी वरच्या कमाईचा अर्थ वेगळा होता. करुणाच्या घरी वरची कमाई म्हणजे घरच्या कापसाच्या फुलवाती, शंभराचं एक पाकीट, पांढुर्ण्याच्या वसंत किराणावाल्याकडे. उन्हाळ्यात ज्यांना वेळ नाही अशा शहरातल्या बायांसाठी कुरडया आणि सरगुंडे. लगीनसराईत साड्यांचे फॉल. आणि गुणवंताच्या वाट्याला परक्या नर्सरीत कलमा बांधणं. चार वर्षांत पोस्टात पस्तीस हजार झाले. फाल्गुनात निघायचं ठरलं होतं. करुणा पौषात गेली.

तेरवी शेतीच्या पैशानं झाली. गुणवंतानं त्यात काही कमी केलं नाही. वरण, भात, वांग्याची भाजी, बुंदी. थंड वारं सुटलं होतं. बागा ताणावर होत्या, म्हणजे बहार यावा म्हणून झाडांचं पाणी तोडलेलं. त्यामुळे गड्यांना काम नव्हतं आणि सल्ले भरपूर होते. जेवणं झाल्यावर माणसं मांडवात सुपारी कातरत बसली.

"गुनवंता," पुंडलिकराव म्हणाले, "अस्थ्याचं गाडगं कितीक दिवस आंब्याले टांगून ठेवशीन?"

"पाहू, दादा."

"पाहू काय? तिले समुद्राचा नाद होता ना? मंग समुद्रातच सोडू. तिची इच्छाही झाली अन् शास्त्रही झालं."

सगळ्यांनी माना हलवल्या. चार वर्षं ज्या समुद्राला गाव हसलं, तो एका जेवणात तीर्थ झाला.

"पैशाचीही काई अडचन नाई," कवडू म्हणाला. "पोस्टात हायेतच."

"दुःखाच्या मानसाले एकटं पाठवाचं नसते," पुंडलिकराव म्हणाले. "मी येतो संग."

"मंग मीही येतो," त्यांचा साळा राजू म्हणाला. "खांदा मी देल्ला होता."

"चौघं पाहिजेत," कवडूनं ठरवून टाकलं. "नेताना चौघं लागते, तं सोडतानाही चौघंच लागन."

गौतम मास्तर मोबाइल काढून बसलाच होता. तो गावातला शिकलेला माणूस, म्हणून शास्त्राचा शेवटचा शब्द त्याचा. "माह्या मतानं विशाखापट्टणमपेक्षा गोवा बरा राहीन. समुद्र एकच असते. अस्थीले काय फरक पडते?"

"तिकडं थंड चांगलं मिळते म्हन्तेत," राजू म्हणाला.

"काय थंड?"

"हवा."

"एसीचा डबा पाहा लागन मास्तर," पुंडलिकराव म्हणाले. "माहे गुडघे थंडीत धरते, पन गर्मीत जास्त धरते."

"दोन दिवस तं राहाच लागन ना?" कवडूनं विचारलं.

"दोन दिवसात काय होते? दुःख तिसऱ्या दिवशी हलकं होते," मास्तर म्हणाला.

गुणवंता ऐकत होता. त्याला रागही येत नव्हता. तेरा दिवसांत त्याला काहीच धड येत नव्हतं, जेवणही नाही. एवढंच वाटत होतं की करुणा आत असती तर विजयाकडे तोंड करून काहीतरी बोलली असती आणि हे सगळे चहा न घेता उठले असते. ती नाही, म्हणून हे आता गाडीत बसणार, खिडकी धरणार, आणि गावाला परत येऊन सांगणार की गुणवंतासाठी आम्ही केवढं केलं.

त्याची पोरगी श्रुती सौंसरला दिली होती, तेरवीला आली होती. ती सुपारीचं ताट ठेवायला आली आणि तिथंच उभी राहिली.

"मोठेबाबा, मी आईले म्हटलं होतं, मलेही ने."

"मंग चाल ना तूही," पुंडलिकराव मोठ्या मनानं म्हणाले.

"आई म्हने, शंभर पाकिटं वळून आन अन् ये. फुकट नाई म्हने. मी पोटची पोरगी."

"केले काय मंग?"

"साठ झाले. चाळीस राह्यले."

गुणवंता उठला. आत गेला आणि कोपऱ्यातलं टोपलं घेऊन आला. त्यात सरकी काढून पिंजलेला कापूस होता. करुणानं सोडला तेव्हापासून कोणी हात लावला नव्हता. त्यानं ते टोपलं चौघांच्या मधात ठेवलं, बाजूला वाटीत थोडं दूध.

"हे काय आनलं?" पुंडलिकराव म्हणाले.

"तिचा कायदा. ज्याले याचं हाय त्यानं एक पाकीट वळाचं. शंभर पाकिटं नाई मांगत मी. एक. शंभर वाती."

"मर्द मानसानं वाती वळाच्या?"

"मी वळल्या ना. चार वर्षं."

"तू?"

"दार लावून वळल्या. पन वळल्या."

कवडूला हसू आलं, पण तेरवी होती, म्हणून तो खोकला. मग चौघंही बसले, कारण गोव्याचं तिकीट शंभर वातींत मिळत असेल तर ते महाग नव्हतं. कापसाचा पुंजका तळहातावर गोल पसरायचा, मधात चिमूट धरून वर ओढायचा आणि दुधाच्या बोटानं टोक पिळायचं. पाहायला काहीच नाही. बाया गप्पा मारता मारता करतात.

पुंडलिकरावांची पहिली वात पिळून पिळून गोमेसारखी झाली. राजूची ओठावर लावली असती तर मिशी म्हणून चालली असती. गौतम मास्तरनं मोबाइलवर वाती कशा कराव्या याचा व्हिडिओ लावला. त्यात आधी जाहिरात आली, मग दुसरी आली, तोवर त्याच्या हातातला कापूस घामानं बसला. कवडू मात्र बऱ्यापैकी करत होता. अकरा झाल्या आणि त्याची पाठ धरली.

"हे बायकायचं काम हाय बाप्पा," तो म्हणाला. "त्यायच्या पाठीत येगळं असते."

अर्ध्या तासात चौघांच्या मिळून तेवीस वाती झाल्या. देवापुढे ठेवण्यासारख्या त्यात कवडूच्याच थोड्या होत्या. मग राजूला आठवलं की गोठ्यात म्हैस बांधायची राहिली आहे. मास्तरला शाळेची कोणतीतरी माहिती भरायची होती. कवडूला बाग पाहून यायची होती, जिचं पाणी त्यानं स्वतःच तोडलेलं होतं.

पुंडलिकराव शेवटी उठले. बोटाला चिकटलेला कापूस धोतराला पुसत म्हणाले, "तू आज माहा अपमान केला, गुनवंता. चार लोकायत."

"नाई, दादा. तिकीट सांगितलं."

"मेलेल्या बाईमांगं येडा झाला तू."

"हौ," गुणवंता म्हणाला.

ते गेले. मांडव रिकामा झाला. मग विजया आतून आली, खरकटी भांडी तशीच सोडून. टोपल्यापाशी पदर खोचून बसली. त्या तेवीस वाती तिनं उकलल्या, कापूस हातानं मोकळा केला आणि पुन्हा वळायला लागली. गुणवंता समोर बसला होता. ऊन मांडवाच्या एका बल्लीवरून दुसऱ्या बल्लीवर गेलं तोवर तिच्या शंभर झाल्या. तिनं मोजल्या, कागदात गुंडाळल्या आणि त्याच्यासमोर ठेवल्या.

"वहिनी, तुमचं तं झालं. चाला मंग तुमी."

"मी कशी येऊ, भाऊजी? घरी दोन म्हशी हायेत. अन् तुमचे दादा. कापूस तसाच पडून होता, बरं नोतं वाटत, म्हनून वळल्या."

चार गडी सुट्टी काढून तयार होते, त्यांना तिकीट लागू होत नव्हतं. जिला लागू झालं तिला सुट्टी नव्हती. विजया भांडी घासायला गेली.

दुसऱ्या दिवशी गुणवंता आणि श्रुती गाडगं घेऊन रामाकोन्याला गेले आणि अस्थी कन्हान नदीच्या पाण्यात सोडल्या. गावात यावर पुष्कळ बोलणं झालं. एवढा समुद्राचा पैसा जमवून ठेवला आणि बायकोला नदीत सोडलं, असं पुंडलिकराव भेटेल त्याला सांगत होते. गुणवंताला तसं कोणी तोंडावर विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं की करुणाला समुद्रात जायचं नव्हतं, समुद्र पाहायचा होता. वाळूत बसायचं होतं आणि भूक लागली की उठायचं होतं. गाडग्याला यातलं काही जमण्यासारखं नव्हतं.

सौंसरला परत जाताना श्रुती म्हणाली, "बाबा, तुमी जाऊन या. तुमच्या कलमायचाही पैसा हाय त्याच्यात. आईनं तुमाले तं फुकट नेलं नसतं, पन नेलं असतं."

"जातो."

"नक्की?"

"जातो म्हटलं ना."

पांढुर्ण्याला पंकजचं ऑनलाइनचं दुकान आहे. जमिनीचे उतारे, परीक्षेचे फॉर्म, रेल्वेची तिकिटं, सगळं तिथंच. गुणवंता पहिल्यांदा गेला तेव्हा साइट बंद होती. पंकजला त्याचं फार वाईट वाटलं, गुणवंताला बरं वाटलं. आठवड्यानं परत गेला. साइट चालू होती.

"कुठलं, काका?"

"विशाखापट्टणम."

"वा. फिराले?"

"हौ, फिराले." हा शब्द चारचौघांत त्यानं पहिल्यांदाच उच्चारला.

"कितीजन?"

"दोन," गुणवंता म्हणाला.

पंकजनं त्याचं नाव टाकलं, वय टाकलं. "दुसरं नाव सांगा."

गुणवंता खुर्चीवर बसून राहिला. मागं एक पोरगी शिष्यवृत्तीचे कागद घेऊन उभी होती, तिच्या मागं अजून दोघं. पंकज काही तिरसट पोरगा नव्हता. त्यानं कीबोर्डवरचा हात मागं घेतला.

"या पोरीचं आधी घे," गुणवंता म्हणाला. "मी पुढच्या आठवड्यात येतो."

त्याला आता महिना होऊन गेला. बागांना पाणी दिलं, बहार आला, सगळ्या शिवारात संत्र्याच्या फुलांचा वास आहे. गावात कोणी ना कोणी रोज विचारतं, गुनाभौ, कवा निघून राहिला. तो म्हणतो, पाहू. पैसे पोस्टात आहेत. तिकीट काढायचं राहिलं आहे.