दुसऱ्या इंजेक्शनपर्यंत

नखावर पिवळ्या रंगाचा ठिपका – मोहरीएवढा, थिनरनंही न गेलेला – आणि तो अंगठा तिच्या मनगटावरून उगाचच फिरतोय. नवऱ्याचा अंगठा. काल दुपारी तो बाळाच्या खोलीला रंगाचा पहिला हात देत होता, ती दारात उभी राहून त्याला चिडवत होती, आणि तेवढ्यात तिच्या कमरेतून कळ निघाली... तिसावा आठवडा कुठे नुकता लागला होता.

"बाळाची फुप्फुसं अजून कच्ची आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "ती लवकर तयार व्हावीत म्हणून दोन इंजेक्शनं देतोय. एक आत्ता, दुसरं उद्या चार वाजता. तोवर कळा थोपवायला बघू." किती साधं सांगितलं त्यांनी! जणू चारपर्यंत थांबणं तिच्याच हातात होतं.

म्हणून सकाळपासून ती पोटाशी बोलतेय. थांब रे राजा, एवढे चार वाजू देत. आधी लाडीगोडी, मग दरडावणी, मग पुन्हा लाडीगोडी. मी परवा ती भरलेली बादली उचलली म्हणून का रे... की जिना भरभर चढले म्हणून? तुमचं काही चुकलेलं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितलंय, पण मन ऐकेल तर शपथ.

साडेअकराला पुन्हा कळ आली. पोट दगडासारखं घट्ट झालं, आणि एका भिंतीला दोन दोन दिवस लावणारा तिचा संथ नवरा ताडकन उठला.

"सिस्टर, दुसरं आत्ताच देऊन टाका ना! चार कशाला वाजू द्यायचे?"

"मध्ये वेळ जावा लागतो हो," मशीनवर बाळाची धडधड बघत सिस्टर म्हणाली. "पहिलं काम करतंय. बसा तुम्ही."

त्या कळेतही तिला हसू फुटलं. "पहिला हात वाळायच्या आत दुसरा मारा म्हणणाऱ्या किती गिऱ्हाइकांशी भांडलायस रे आजवर?"

तो ओशाळला. खाली बसला. नखावरचा ठिपका खरवडत पुटपुटला, "ती भिंत दुसऱ्याची असते गं."

तिला त्याच्याबद्दल इतकी माया दाटून आली की कळ कधी ओसरली ते समजलंच नाही.

चारला सुई टोचली. "आता आणखी एक दिवस निघाला तर सोन्याहून पिवळं," म्हणून सिस्टर गेली. तो खुर्चीतच पेंगला, तोंड उघडं, चपटं नाक वर. ती त्याच्याकडे बघत राहिली. पोटात पुन्हा हलकी ओढ... गेली... की येतेय? भीती होती तशीच होती. पण कालपासून ती बाळाला नुसती थांबवत होती. ते दिसेल कसं, याचा विचारसुद्धा तिनं धास्तीनं मनात येऊ दिला नव्हता. आणि आत्ता थांब म्हणायला गेली, तर ओठांवर भलताच प्रश्न आला – नाक कुणाचं घेतलंयस रे, बाळा?