स्वतःच्याच नोकरीसाठी अर्ज

कंपनी चौथ्यांदा विकली गेली तेव्हा मास्तर दाढी करत होते. अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून त्यांनी मोबाईलवरचा मेल दोनदा वाचला आणि बाथरूमच्या दारातूनच बायकोला सांगितलं, "अगं, आमचा मालक बदलला."

"पुन्हा?" ती म्हणाली. "आता कुठला देश?"

"लिहिलेलं नाही. चार देशांची नावं आहेत, त्यातला एक असेल."

मास्तर काही शिक्षक नव्हते, कॉम्प्युटरवाले होते. पण ऑफिसात नवा माणूस आला की त्याला यांच्याच टेबलापाशी आणून बसवायचे, म्हणून ते नाव चिकटलं. काम असं, की दोन समुद्रांपलीकडच्या एका देशात लिफ्टची देखभाल करणारी एक कंपनी होती. तिच्याकडे चार हजारांवर लिफ्टा. कुठली लिफ्ट कधी तपासायची, कोणी जायचं, आणि तपासणी चुकली तर ती लिफ्ट कधी बंद ठेवायची, हे सगळं एक प्रोग्रॅम ठरवायचा. तो प्रोग्रॅम मास्तर अकरा वर्षं सांभाळत होते. त्यातली एकही लिफ्ट त्यांनी डोळ्यांनी पाहिली नव्हती, पण नंबराने सगळ्या ओळखीच्या. अठराशे सात म्हणजे लहान मुलांच्या हॉस्पिटलातली, थंडी पडली की दाराची कुरकुर सुरू. बावीसशे चाळीस म्हणजे सरकारी ऑफिसातली, सुट्टीच्या आदल्या दिवशी हमखास बंद.

या अकरा वर्षांत कंपनी आधी तीनदा विकून झाली होती. दर वेळी गळ्यातल्या ओळखपत्राचा रंग बदलायचा, गेटावरची पाटी बदलायची आणि पडद्यावर एखादा नवा साहेब येऊन म्हणायचा, "आपण सगळे एकच कुटुंब आहोत." मास्तरांच्या सासूबाई त्यांच्याकडेच राहायच्या. त्यांनी हे तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा म्हणाल्या, "जावईबापू, इतक्यांदा कुटुंब बदलणाऱ्याला आमच्या वेळी कोणी मुलगी दिली नसती."

या खेपेला मात्र मेलमध्ये एक नवी गोष्ट होती. सर्व जागा रद्द. त्याच जागा, त्याच कामासाठी, त्याच मजल्यावर नव्याने निर्माण. इच्छुकांनी अर्ज करावा, मुलाखत होईल.

"म्हणजे तुमच्याच नोकरीसाठी तुम्हीच अर्ज करायचा?" बायकोने विचारलं.

"औपचारिकता असते गं. माझ्याशिवाय त्या प्रोग्रॅमला हात लावणार कोण?"

बायकोचं चष्म्याचं दुकान होतं. डोळे तपासायची, नंबर काढायची, काचा बसवायची. औपचारिकता या शब्दावर तिचा फारसा विश्वास नव्हता.

मुलाखत पडद्यावर झाली. समोर दोघं, कुठल्या तरी तिसऱ्याच देशात बसलेले. एकाची दाढी इतकी नीट कापलेली की पट्टी लावून आखली असावी. दुसऱ्याने कॅमेरा बंद ठेवला होता. त्याचा फक्त श्वास ऐकू येत होता.

पहिली दहा मिनिटं छान गेली. मग दाढीवाल्याने विचारलं, "तपासणी चुकली, तर किती दिवसांनी प्रोग्रॅम लिफ्ट बंद करायला सांगतो?"

"तीन," मास्तर म्हणाले.

दाढीवाल्याने समोरच्या कागदाकडे पाहिलं. "पुन्हा विचार करा."

"विचार काय करायचा? तीन दिवस."

"माहितीपुस्तिकेत तीस आहे. पान बेचाळीस."

ती पुस्तिका त्यांनीच लिहिली होती. नऊ वर्षांपूर्वी, दुसऱ्या मालकाला कंपनी तिसऱ्याला विकायची होती तेव्हा, दाखवायला काहीतरी हवं म्हणून चार दिवसांत त्यांच्याकडून लिहून घेतली होती. त्या घाईत तीनच्या जागी तीस पडलं. आठवड्यातच चूक लक्षात आली आणि त्यांनी दुरुस्ती पाठवली. उत्तर आलं, पुस्तिका आता अंतिम झाली आहे. पुढच्या वर्षी पुन्हा पाठवली, तर तो विभागच दुसऱ्या देशात हलवलेला. तिसऱ्यांदा आभाराचं पत्र आलं आणि खाली 'विषय बंद'. मग त्यांनी नाद सोडला. प्रोग्रॅममध्ये तीनच होतं, लिफ्टा वेळेवर बंद होत होत्या, आणि पुस्तिका कोणी उघडतही नव्हतं. आता उघडली होती.

"ती छपाईची चूक आहे साहेब. मीच लिहिलंय ते."

"म्हणजे तुम्ही कामात चुका करता, असं नोंदवू का?"

"तसं नव्हे. प्रोग्रॅम उघडून बघा ना, एक मिनिटाचं काम आहे."

"प्रोग्रॅम आमच्या कक्षेत नाही. आमच्याकडे प्रश्न आहेत आणि उत्तरं आहेत."

कॅमेरा बंद असलेल्याने एक मोठा श्वास सोडला. मुलाखत संपली.

घरी आल्यावर मास्तरांनी सगळं सांगितलं. बायको काचा पुसत ऐकत होती. "आमच्याकडे येतात तसली माणसं," ती म्हणाली. "गाडीचा परवाना हवा असतो, म्हणून बोर्डावरची अक्षरं पाठ करून येतात. दिसत काही नसतं, पण धडाधड वाचतात. पास होतात हो. तुम्हीही तीस म्हणायचं होतं."

"अगं, लिफ्टमध्ये माणसं असतात."

"मुलाखतीत कुठे होती?"

पाच दिवसांनी निकाल लागला. 'उमेदवार अनुभवी वाटतात, परंतु मूलभूत ज्ञान अपुरे. स्वभाव वादाचा.' एचआरच्या बाईंनी त्यांना काचेच्या खोलीत बोलावलं, पाण्याचा ग्लास पुढे केला आणि मान तिरकी केली. मान तिरकी करण्याचं त्यांचं प्रशिक्षण झालेलं असावं.

"मनाला लावून घेऊ नका. अजून सहा आठवडे तुम्ही आमच्यातच आहात. तुमच्या जागी निवड झालेल्या बाई परदेशात आहेत, त्यांना तुम्हाला सगळं शिकवायचंय."

"पण मला तर ज्ञान नाही ना?"

बाईंनी कागद चाळला. "जेवढं आहे तेवढं द्या."

मास्तर मुळात हातचं राखणारा माणूस नव्हे. पण त्या दिवशी त्यांनी मनाशी पक्कं केलं, पुस्तिकेबाहेरचा एक शब्द सांगायचा नाही. सूचनाही तशीच होती: पुस्तिकेतूनच शिकवा, सगळं रेकॉर्ड होणार. चार दुपारी त्यांनी पानामागून पान वाचून दाखवलं. पडद्यावरची नवी बाई चाळिशीची, केसांत पेन्सिल खोचलेली. मागच्या दोरीवर कपडे वाळत असायचे. ती मुकाट टिपणं काढायची.

पाचव्या दिवशी पान बेचाळीस आलं. "तपासणी चुकल्यास तीस..." एवढं वाचलं आणि मास्तर अडले. अठराशे सातच्या दारात स्ट्रेचर अडकलेलं त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. त्यांनी रेकॉर्डिंगचं लाल टिकलीएवढं चिन्ह पाहिलं, आणि म्हणाले, "थांबा. हे चूक आहे. तीस नाही, तीन."

बाई हसली. "माहीत आहे."

"कसं काय?"

"मुलाखतीआधी प्रोग्रॅमचा थोडा भाग बघायला दिला होता. त्यात तीन होतं, पुस्तिकेत तीस. मग मुलाखत घेणाऱ्याचा चेहरा बघितला. तिथे तीस होतं. मला नोकरी हवी होती."

मास्तरांना राग यायला हवा होता. पण पंधरा दिवसांत पहिल्यांदाच ते पोट धरून हसले.

"तुमच्या मनात काय चाललंय तेही कळतंय," ती म्हणाली. "मागच्या नोकरीत मीही तुमच्या जागी होते. माझ्या जागी आलेल्या माणसाला मी मुद्दाम अर्धवट शिकवलं. दोन महिने तो मला फोन करून रडत होता, त्याची मुलं मागे आरडाओरडा करत असायची. ज्या साहेबांना धडा शिकवायचा होता त्यांना त्याचं नावही माहीत नव्हतं. तेव्हा चिडा, पण शिकवा नीट."

मग मास्तरांनी पुस्तिका मिटली आणि खरोखर शिकवायला सुरुवात केली. कुठे प्रोग्रॅम अडतो, कुठला आकडा खोटा येतो, कुठल्या शहरातले लोक तपासणी न करताच झाली म्हणून कळवतात, सगळं. रेकॉर्डिंग कोणी ऐकलं नसावं, कारण कोणी काही बोललं नाही.

तिसऱ्या आठवड्यात घोषणा झाली: जुना प्रोग्रॅम काढून टाकणार, नवा लिहिणार, तोही पुस्तिकेबरहुकूम. बाईने लगेच फोन केला. "म्हणजे तीस!"

दोघांनी मिळून पत्र लिहिलं. उत्तर आलं, 'विषय बंद'.

"लिफ्टवाल्यांनाच कळवू," मास्तर म्हणाले. पण थेट संपर्काला सक्त मनाई होती. मास्तर दोन दिवस अस्वस्थ होते. मग त्यांना एक जागा सुचली. लिफ्ट कंपनीला दर आठवड्याला एक छापील यादी जायची आणि तिच्या तळाशी 'शेरा' म्हणून एक रिकामा चौकोन असायचा. अकरा वर्षांत त्यात कोणी अक्षर लिहिलं नव्हतं. मास्तरांनी लिहिलं: 'नव्या प्रोग्रॅममध्ये तपासणी चुकलेली लिफ्ट तीन दिवसांऐवजी तीस दिवस चालू राहील. चालेल ना?'

तिसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावरचा फोन वाजला. पलीकडे लिफ्ट कंपनीचा मुख्य तपासनीस. म्हातारा, खरखरीत आवाजाचा.

"हा शेरा कोणी लिहिला?"

"मी."

"तुम्ही कोण? ही यादी तर मशीन पाठवतं."

"मशीनच पाठवतं. मी मशीनच्या मागे असतो."

"किती वर्षं?"

"अकरा."

"आणि नवा प्रोग्रॅम तुमच्या हाताखाली होणार ना?"

"नाही, मला काढलंय. ज्ञान अपुरं आहे म्हणून."

म्हाताऱ्याने स्वतःच्या भाषेत एक शब्द उच्चारला. मास्तरांना अर्थ कळला नाही, पण गार वाटलं.

पुढच्या आठवड्यात धावपळ उडाली. लिफ्ट कंपनीने कळवलं, आकडा तीनच आणि तो मशीनमागचा माणूसही राहणार असेल तर करार राहील. दाढीवाला स्वतः पडद्यावर आला.

"तीन दिवसांची बाब इतकी गंभीर होती, तर आम्हाला वेळीच का सांगितली नाही?"

"मुलाखतीत सांगितली होती."

"मुलाखत ही माहिती देण्याची जागा नव्हे," दाढीवाला म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर विनोदाचा मागमूस नव्हता.

मास्तरांची जागा आता बाईंकडे गेलेली, ती परत देता येत नव्हती. मग तोडगा निघाला: मास्तर एका वर्षाच्या करारावर, 'बाहेरचे तज्ज्ञ' म्हणून. वरिष्ठ म्हणून त्याच बाई. टेबल तेच, जेवणाची सुट्टी पंधरा मिनिटांनी कमी.

मास्तरांनी बाणेदारपणे नकार दिला असता, तर ही हकीकत जास्त शोभली असती. तसं भाषण त्यांनी जिने चढता चढता तयारही केलं होतं, आणि त्यात दाढीवरही दोन वाक्यं होती. पण वय सेहेचाळीस, मुलीच्या कॉलेजचं शेवटचं वर्ष, आणि खरं म्हणजे त्या लिफ्टांवर जीव जडलेला. बायकोने भाषण पूर्ण ऐकून घेतलं.

"झकास आहे," ती म्हणाली. "भाषण मला ऐकवत जा, सही तिकडे करा."

सासूबाईंनी एवढंच विचारलं, "आता बॉस बाई आहे ना? मग कामांची यादी नीट लिहून देईल."

त्यांनी सही केली. लाज वाटली आणि झोपही छान लागली.

नव्या बॉसने पहिल्याच दिवशी फोनवर माफी मागितली. "तुम्हाला एक गोष्ट करावी लागणार आहे. मी खूप भांडले, पण नियम आहे म्हणे."

नियम असा, की करारावरचा माणूस म्हणजे नवा माणूस, आणि प्रत्येक नव्या माणसाने पाच दिवसांचा स्वागतवर्ग केलाच पाहिजे. तेव्हा सोमवारी सकाळी मास्तर तळमजल्यावरच्या हॉलमध्ये बावीस-तेवीस वर्षांच्या तीस पोरापोरींत जाऊन बसले. टेबलावर टोपी, फुगा आणि पाण्याची बाटली. पुढे एक उत्साही शिक्षिका टाळ्या वाजवत होती.

"प्रत्येकाने उभं राहून या कामातला आपला अनुभव सांगायचा! घाबरायचं नाही!"

मास्तरांची पाळी आली. शिक्षिकेने यादीत पाहिलं. "तुमच्या नावापुढे शून्य वर्षं आहे. बरोबर?"

मास्तरांनी क्षणभर तोंड उघडलं. मग बोलून काय होतं ते आठवून म्हणाले, "बरोबर."

"छान! सगळ्यांना कुठूनतरी सुरुवात करावीच लागते. टाळ्या!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनीही वाजवल्या.

शेजारी एक मुलगी होती, पहिलीच नोकरी, वहीचं पहिलं पान कोरं. शिक्षिका पडद्यावर कंपनीच्या मूल्यांचं झाड दाखवू लागली तेव्हा ती हळूच वाकून म्हणाली, "काका, तुम्हाला काही कळतंय का? आपण इथे नक्की काम काय करणार आहोत?"

मास्तरांनी तिची वही ओढली, एक चौकोन काढला, त्याला वर दोरी जोडली. "ही लिफ्ट समज," ते कुजबुजले. "हिच्यात आत्ता चार माणसं आहेत. तपासायला माणूस यायचा होता, तो आला नाही. आता सांग, किती दिवस चालू द्यायची?"

"एकसुद्धा नाही!" मुलगी जरा मोठ्यानेच म्हणाली.

मास्तरांना इतका आनंद झाला की त्यांनी टेबलावर थाप मारली. फुगा फुटला. शिक्षिकेने पडद्यावरच्या झाडाकडे रोखलेली काठी खाली घेतली, त्या दोघांकडे पाहिलं आणि नव्या माणसांना शिस्त असावी या विषयावर पाच मिनिटं बोलली. मास्तरांच्या नावापुढे पहिल्याच दिवशी एक लेखी समज नोंदवली गेली.